खरात सरांचा एक टीबी

"लॅपटॉपचं मी बघतो," असं धनाजी खरात सर मेढ्याहून सांगलीला, आपल्या घरी फोनवर म्हणाले.

अंकिता बारावीत गेली होती. तिचा विषय कॉम्प्युटर सायन्स. कॉलेजने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की प्रोजेक्टसाठी लॅपटॉप लागेल, आणि अंकिताने त्यात स्वतःची एक अट घातली होती. "पप्पा, स्टोरेज मात्र भरपूर पाहिजे. मैत्रिणीचा सहा महिन्यांत भरला."

"भरपूर म्हणजे भरपूरच," सर म्हणाले.

मग फोन मायाबाईंकडे गेला. त्या फक्त "बघा मग" एवढंच म्हणाल्या. आता 'बघा' हा शब्द विनंतीचा असू शकतो, आज्ञेचा असू शकतो. मायाबाईंचा 'बघा' तिसऱ्या जातीचा होता. खिडकीची जाळी सर बघणार होते, ती शेवटी मायाबाईंनी बसवून घेतली. पाण्याच्या टाकीचा कॉक सर बघणार होते, तो खालच्या मजल्यावरच्यांनी बदलला. गॅसचं पासबुक तर सर अजून बघतच आहेत. हे सगळं त्या एका शब्दात होतं आणि ते सरांना नीट ऐकू आलं. फोन ठेवल्यावर ते मोकळ्या खोलीला उद्देशून म्हणाले, "ह्या वेळी बघणारच."

मेढ्यातल्या त्या दोन खोल्यांत सर अकरा वर्षं एकटे राहत होते. मायाबाई सांगलीच्या विश्रामबागेत एका सहकारी बँकेत नोकरीला, मुलगी त्यांच्याजवळ, आणि सर मेढ्याच्या पुढच्या एका विद्यालयात इतिहास-भूगोल शिकवायला. सांगलीकडे बदली मिळावी म्हणून ते दर मे महिन्यात संस्थेला अर्ज करत आणि दर जूनमध्ये 'विचाराधीन' असं उत्तर येई. मूळचे आटपाडीकडचे. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, वडिलांनी निम्मी मेंढरं आणि निम्मी शेती. पाण्यासाठी गावोगाव फिरलेल्या घराण्यात पाऊस पडतोय म्हणून जागेवर बसून राहावं लागणारे सर पहिलेच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी विषय काढला आणि तिथेच पहिली चूक झाली. शिक्षकांच्या खोलीत एखाद्याने "मला ताप आहे" म्हटलं तर कोणी मान वर करत नाही, पण "मला काहीतरी घ्यायचंय" म्हटलं की सगळे डबे बंद होतात. संगणकाचे जयराज सर तर खुर्ची ओढून समोरच येऊन बसले. जयराज सर वयाने लहान, ज्ञानाने अवजड. शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली त्यांच्याकडे असे आणि ती कुलपाला कधी लागली हे कोणाला आठवत नव्हतं.

"रॅम म्हणजे ओटा," ते म्हणाले, "आणि स्टोरेज म्हणजे माळा. ओटा लहान असला तर स्वयंपाक हळू होतो. माळा लहान असला तर सामान मावत नाही. तुम्हाला काय पाहिजे?"

"मला लॅपटॉप पाहिजे."

"तसं नाही. दोनशे छप्पन, पाचशे बारा, की एक टीबी?"

खोलीत लगेच दोन तट पडले. गणिताच्या बाई दोनशे छप्पनवाल्या. पोरांना जास्त जागा दिली की पोरं जास्त कचरा भरतात, असं त्यांचं मत. विज्ञानवाले पाचशे बाराच्या बाजूने, कारण त्यांच्या पुतण्याकडे तेवढाच होता आणि तो पुण्यात लागला. पी. टी.चे सर म्हणाले की लॅपटॉप वजनाला हलका घ्या. घंटा झाली तरी वाद मिटेना, आणि नववी 'ब'च्या वर्गाला त्या दिवशी भूगोल वीस मिनिटांचाच मिळाला. वर्गाने तक्रार केली नाही.

संध्याकाळी घरमालकीण तानुबाई भाकरी द्यायला आल्या. सर स्वतःचा भात-आमटी करत, पण भाकरी थापणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून ती तानुबाईंकडून येई. त्यांनी दारातूनच विचारलं, "आवं सर, पोरीसाठनं काय यंतर घेताय म्हनं?"

मेढ्यात बातमी चार किलोमीटर अंतर भाकरीच्या आधी कापते. सरांनी त्यांना ओटा आणि माळा समजावून सांगितला. तानुबाईंनी तो नीट ऐकून घेतला.

"म्हंजी कनगीवानी हाय की," त्या म्हणाल्या. "कनगी केवढी घ्यायची ते दानं किती त्यावर. तुमच्या लेकीचं दानं किती हाय?"

सर भाकरी हातात धरून उभे राहिले. इतका साधा प्रश्न जयराज सरांनी विचारला नव्हता.

"तेच मला माहीत नाही," ते म्हणाले.

तानुबाई गेल्यावर त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, 'अंकिता – काय काय ठेवेल'. खाली लिहिलं: अभ्यास. मग बराच वेळ काही सुचेना. गाणी? ती कोणती गाणी ऐकते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चित्रं काढायची, पण ते चौथीत. फोटो? कशाचे? सिनेमे बघते का? मैत्रीण म्हणाली, तिचं नाव काय? रोज आठ वाजता फोन व्हायचा, तीन-चार मिनिटांचा. जेवलीस का, जेवले. अभ्यास, चालू आहे. पाऊस, आहे. तेवढ्यात ह्यातलं काहीच येत नसे. तिला विचारून टाकता आलं असतं, पण मग 'मी बघतो'ला अर्थ काय राहिला? कागदावर 'अभ्यास' हा एकच शब्द ठेवून त्यांनी तो घडी करून भूगोलाच्या पुस्तकात घातला. शेजारून तानुबाईंच्या टीव्हीवरची सासू सुनेवर ओरडत होती. सर रोज ती मालिका भिंतीतून ऐकत. चेहरे माहीत नव्हते, पण आवाज सगळे ओळखीचे झाले होते.

माणसाला दाणे मोजता येत नसतील तर त्याने मोठ्यात मोठी कणगी घ्यावी, ह्या निर्णयावर ते आले. एक टीबी.

आता त्यांनी निश्चय केला की लॅपटॉप घेतल्याशिवाय सांगलीला पाऊल ठेवायचं नाही. एरवी ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी जात. जुलैच्या पहिल्या शनिवारी त्यांनी दहावीच्या जादा तासांचं कारण सांगितलं. फोनवर अंकिता दोनदा म्हणाली, "पप्पा, ते लॅपटॉपचं ना—" आणि दोन्ही वेळा सरांनी घाईने तोडलं, "ते मी बघतोय, तू अभ्यास कर." तिला चकित करायचं होतं त्यांना. आयुष्यात त्यांनी कोणाला चकित केलं नव्हतं, म्हणून ह्या बाबतीत ते जरा जास्तच जपत होते.

इथे शाळेचे लेखनिक भाऊसो आले. भाऊसोंना जगातल्या प्रत्येक दुकानात एक माणूस ओळखीचा असे. "साताऱ्यात राजपथावर आपला माणूस हाय," ते म्हणाले. "शिक्षकांना सवलत देतो. फक्त शाळेचं पत्र लागतं, लेटरहेडवर. मी टाइप करतो, तुमी सही आणा."

पत्र झालं. मुख्याध्यापकांनी ते न वाचता सही केली, कारण ते सगळंच न वाचता सही करत. वाचून सही करायला गेलं तर शाळा चालणार नाही, असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. सरांनीही वाचलं नाही. ते रविवारी सकाळच्या एस.टी.ने साताऱ्याला गेले, दुकानदाराने तीन लॅपटॉप दाखवले, सरांनी प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारला, "एक टीबी आहे का?" आणि ज्याला हो आलं तो घेतला. दुकानदाराने पत्राप्रमाणे बिल केलं. सर छातीशी खोकं धरून मेढ्याला आले, तेव्हा बसमधल्या एका अनोळखी बाईंनी आपणहून खिडकीची जागा दिली. बाळ असल्यासारखं धरलं होतं म्हणे.

सोमवारी त्यांनी ते खोकं शाळेत नेलं, ही दुसरी चूक. नेलं म्हणजे दाखवायला नव्हे, जयराज सर म्हणाले होते की काय काय घालायचं ते घालून देतो. पहिल्या तासाला त्यांनी ते कार्यालयात भाऊसोंच्या टेबलावर ठेवलं, सोबत बिल ठेवलं आणि सातवीला शिवकाल शिकवायला गेले.

परत येऊन पाहतात तर शाळेचा शिपाई लॅपटॉपच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहीत होता. जीभ थोडी बाहेर, हात अगदी स्थिर. 'जडसंग्रह क्र. ४१७' एवढं झालं होतं आणि तो खाली शाळेच्या नावाची आद्याक्षरं काढत होता.

"हे काय करतोस?"

"पुढच्या आठवड्यात तपासणी हाय न्हवं का सर. सगळ्याला नंबर घालाया सांगितल्यात."

भाऊसोंनी पत्रात लिहिलं होतं, 'आमच्या विद्यालयासाठी एक लॅपटॉप आवश्यक असून...' त्यामुळे बिल विद्यालयाच्या नावावर. बिल विद्यालयाच्या नावावर आणि वस्तू कार्यालयात, म्हणून भाऊसोंच्या मदतनिसाने ती जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवली. एकदा वहीत चढली म्हणजे नंबर पडला, आणि नंबर पडला म्हणजे रंग आला. ह्यात कोणी चुकलं असं म्हणता येत नव्हतं. तेच तर सरांना जास्त लागलं. पैसे त्यांचे, मुलगी त्यांची, आणि लॅपटॉप चारशे सोळा नंबरच्या लाकडी फळ्याचा धाकटा भाऊ.

"खोडा की मग," ते मुख्याध्यापकांना म्हणाले.

मुख्याध्यापकांनी आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट वाचून पाहिली. "खरात सर, नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. वस्तू बाहेर काढायची तर निर्लेखन करावं लागेल. त्याला समिती लागते. आणि निर्लेखन निरुपयोगी वस्तूचंच होतं."

"पण हा कालच घेतलाय."

"मग त्याला निरुपयोगी व्हावं लागेल."

सरांनी तो अर्ज स्वतःच्या हातांनी लिहिला. त्यांचं अक्षर शाळेत नावाजलेलं. '...सदर लॅपटॉप पूर्णतः नादुरुस्त व शैक्षणिक कामास निरुपयोगी असल्याने तो निर्लेखित करून अर्जदारास भंगार म्हणून नेण्याची परवानगी मिळावी.' भंगार शब्दावर त्यांचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी त्याच्यावर अनुस्वार दिला आणि पुढे गेले.

समिती तीन जणांची: मुख्याध्यापक, गणिताच्या बाई आणि तज्ज्ञ म्हणून जयराज सर. तपासणीचा आठवडा गेला, मग पावसाने दोन दिवस शाळा बंद, मग बाईंची रजा. जुलै संपता संपता समिती बसली. जयराज सरांनी तज्ज्ञाला शोभेल अशा गंभीरपणाने लॅपटॉपचं बटण दाबलं. तो गोड सुरात वाजला आणि पडद्यावर निळा डोंगर आला.

"चालू होतोय," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"चांगलाच चालतोय," जयराज सरांच्या तोंडून निघून गेलं. "लई फास्ट आहे हो. एक टीबी म्हणजे..."

"मग निर्लेखन होत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

सर कोपऱ्यात उभे होते. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. "मॅडम," ते गणिताच्या बाईंना हळूच म्हणाले, "पोरीसाठी आहे."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. त्या म्हणाल्या, "जयराज सर, तो बंद करा. आता सांगा, पडद्यावर काही दिसतं का?"

"बंद केल्यावर कसं दिसेल?"

"लिहा. 'पाहणीच्या वेळी पडद्यावर काहीही दिसत नाही.'"

हे शब्दशः खरं होतं. तिघांनी सह्या केल्या. अशा रीतीने सातारा जिल्ह्यातला एक कोरा करकरीत लॅपटॉप कागदोपत्री भंगार होऊन खरात सरांच्या हातात आला. रंग मात्र गेला नाही. रॉकेल लावलं, नखाने खरवडलं, तानुबाईंनी सांगितलं म्हणून चिंच लावली. चारशे सतरातला सात थोडा पुसट झाला, एवढंच. शेवटी सरांनी मनाची समजूत घातली की आकडाच आहे, पोर समजून घेईल. किंबहुना सगळी हकिकत तिला सांगता येईल, ती हसेल. ती कशी हसेल हे ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सांगलीच्या बसमध्ये त्यांनी बऱ्याचदा मनात पाहून घेतलं. मलकापूरला उड्डाणपुलाच्या कामात गाडी पाऊण तास खोळंबली, सगळे कंडक्टरवर चिडले, पण सरांना काही वाटलं नाही. ते हकिकत पहिल्यापासून जुळवत होते. कुठे थांबायचं, शिपायाचा आवाज कसा काढायचा.

विश्रामबागेत पोहोचले तेव्हा चार वाजले होते. दार मायाबाईंनी उघडलं. "आलात? पाऊस लागला का वाटेत?" त्यांनी विचारलं आणि पाणी आणायला आत गेल्या.

खिडकीजवळच्या टेबलाशी अंकिता बसली होती. तिच्यासमोर लॅपटॉप उघडा होता. त्याला फिकट जांभळं कव्हर, कव्हरवर दोन-तीन स्टिकर, आणि तिची बोटं न बघता चालत होती. "पप्पा, दोन मिनिटं हां, एवढं संपवते," ती म्हणाली.

सर बूट काढत काढत तसेच वाकून राहिले. उजव्या बुटाची नाडी सुटली होती, तरी ते ती सोडवत राहिले.

"हा कधी घेतला?"

"जूनमध्येच," मायाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "तीस तारखेला पहिलं सबमिशन होतं हिचं. आम्ही दोघी गेलो आणि तासाभरात घेऊन आलो. ती तुम्हाला सांगणार होती, पण तुम्ही बोलूच देत नव्हतात. म्हटलं, येतील तेव्हा बघतील."

सात आठवडे आणि एक तास. सर भूगोलाचे, पण ही वजाबाकी त्यांना लगेच जमली.

"छान आहे," ते म्हणाले. "स्टोरेज?"

"पाचशे बारा. पुरतंय," अंकिता म्हणाली. "तुमच्या बॅगेत काय आहे एवढं?"

आणि इथे खरात सरांनी तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक केली. म्हणायला काय हरकत होती, की तुझ्यासाठी आणलाय. पण सात आठवड्यांचा शीण, भंगाराचा अर्ज, ती हकिकत, सगळं एकदम आठवलं आणि तोंडातून निघालं ते असं: "शाळेचा लॅपटॉप आहे. काम होतं थोडं, म्हणून आणला."

पुरावा झाकणावरच होता. अंकिताने तो बाहेर काढला, ४१७ वाचला आणि हसली. सरांनी बसमध्ये कल्पिलं होतं तसंच हसली, तोच आवाज. "कोणी रंगवलाय हा? पण पप्पा, शाळेला एवढा भारी लॅपटॉप?"

"अनुदान आलं."

"आणि तुम्हाला दिला? तुम्ही तर टाइप करत नाही."

"शिकलोय."

एक खोटं बोललं की त्याच्या मागे दुसरं चालत येतं, मेंढरांसारखं. काम आहे म्हटल्यावर काम करणं भाग होतं. सर जेवणापर्यंत आतल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि एका बोटाने 'विषय' एवढा शब्द टाइप केला. त्यातला पोटफोड्या 'ष' सापडायलाच अर्धा तास गेला. बाहेर मायलेकी कसल्या तरी गोष्टीवर बोलत होत्या, कॉलेजमधल्या कुठल्या तरी मॅडमबद्दल, मध्येच दोघी एकदम गप्प होत आणि एकदम हसत. त्या मॅडम कोण, हे विचारावंसं त्यांना फार वाटलं. पण हसण्याच्या मध्येच जाऊन कोण म्हणून विचारणाऱ्याला पाहुणा म्हणतात. ते 'विषय'पुढे दोन टिंबं काढत बसले.

रविवारी सकाळी ते अंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. अंकिताने उचलला.

सर बाहेर आले ते खांद्यावर पंचा, कपाळावर ओले केस. दोघी सोफ्यावर शेजारी बसल्या होत्या. चारशे सतरा अंकिताच्या मांडीवर होता, झाकण बंद.

"भाऊसोकाकांचा फोन होता," ती म्हणाली.

"काय म्हणत होते?"

"विचारत होते, पोरीला आवडला का."

सरांनी पंचा काढून खुर्चीवर टाकला, मग उचलून दोरीवर टाकला. "आणखी काय म्हणाले?"

"सगळंच. भंगाराचा अर्ज, समिती. चिंच लावलेली पण."

हकिकतही भाऊसोच सांगून मोकळे झाले होते. आता सरांजवळ काहीच उरलं नव्हतं. "परत घेत नाही तो दुकानदार," ते म्हणाले. "रंग लागलाय ना."

मायाबाई इतका वेळ हाताची बोटं बघत होत्या. "मला एकदा फोन करून सांगायचं तरी," त्या म्हणाल्या. "मी तरी का विचारलं नाही, तर विचारलं की तुम्ही बघतो म्हणणार, मग रोज तुमच्या जिवाला तेच. एकटे असता तिथं. म्हटलं कशाला त्रास द्यायचा."

"द्यायचा की," सर म्हणाले. "थोडा त्रास द्यायचा की, माया."

त्यांना आणखी बोलायचं होतं, पण आवाज जरा आटपाडीकडे वळला होता, आणि तो तिकडे वळला की ते थांबत. मायाबाई उठून आत गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही.

अंकिताने झाकण उघडलं. "पप्पा, बसा इथे. ह्याच्यात काय काय टाकलंय?"

"'विषय'," सर म्हणाले.

तिने ती फाइल पाहिली. ह्या वेळी ती हसली नाही. मग तिने स्वतःचा फोन वायरीने लॅपटॉपला जोडला. "माझा फोन कायम भरलेला असतो. आईचे जुने फोटोपण माझ्याकडेच आहेत. हे सगळे तुमच्याकडे टाकते. तुमच्याकडे जागा आहे."

"तुझ्या लॅपटॉपवर टाक ना."

"त्याच्यावर आहेतच. पण तुमच्याकडे नाहीत ना."

फोटो जायला दुपारपर्यंत वेळ लागला. चार हजार आणि वर काही. सरांनी सगळे गेल्यावर किती जागा भरली ते विचारलं. कोपऱ्यातली पट्टी जेमतेम हलली होती. एक टीबी फारच मोठा असतो.

मेढ्याला आल्यावर ते रोज संध्याकाळी थोडे थोडे बघू लागले. अंकिता सहावीच्या स्नेहसंमेलनात, डोक्यावर कसला तरी मुकुट. अंकिता सायकलवरून पडल्यानंतर, कोपराला पट्टी. ही पडली होती? मायाबाई बँकेच्या सहलीत समुद्रात घोट्याइतक्या पाण्यात, साडी वर धरून. वाढदिवसाचा केक, मागे भिंतीवर कागदाची फुलं, दोन मैत्रिणी. त्यातली एक पुढच्या कित्येक फोटोंत होती, ती भरल्या लॅपटॉपवाली असणार. दिवाळीच्या फोटोंत सर होते, मे महिन्याच्या फोटोंत होते. बाकीचं वर्षच्या वर्ष त्यांच्याशिवाय नीट पार पडलेलं दिसत होतं. ते एका फोटोवर बराच वेळ थांबत, मग बाण दाबून पुढे जात. तानुबाईंनाही काही दाखवले. "लेक तुमच्या वळनावर गेलीया," त्या म्हणाल्या. सरांनी तो फोटो पुन्हा पाहिला. तो मैत्रिणीचा होता. त्यांनी तसं सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला लॅपटॉप अचानक वाजू लागला. सर सांगलीहून निघताना अंकिताने त्यात काहीतरी बसवून दिलं होतं आणि हिरवं बटण दाबायचं असं तीनदा सांगितलं होतं. सरांनी हिरवं बटण दाबलं. पडद्यावर ती आली.

"पप्पा, दिसतेय का मी? मला जर्नल लिहायचंय, जास्त बोलणार नाही. पण हे असंच चालू ठेवते. तुम्हीपण तुमचं काम करा. चालेल?"

"चालेल."

तिने लॅपटॉप पलंगावर ठेवला आणि ती बाजूला गेली. पडद्यावर आता विश्रामबागेतला छताचा पंखा होता, कपाटाचा वरचा कोपरा आणि त्यावर ठेवलेली एक जुनी सुटकेस. माणूस एकही नाही. सरांना वाटलं, काही बिघडलं असावं, ते कळवायला तोंड उघडणार, इतक्यात पान उलटल्याचा आवाज आला. मग पेन खाली पडल्याचा, आणि ते उचलताना खुर्ची सरकल्याचा.

त्यांनी सातवीच्या चाचणीचे पेपर काढले आणि पडद्याशेजारी ठेवले. पंखा सावकाश फिरत होता. एका मुलाने कोयना बंगालच्या उपसागराला नेली होती. कृष्णेमार्गे ते खरंही होतं म्हणून त्यांनी अर्धा गुण दिला. तिकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला कोणीतरी चालत आलं आणि गॅस बंद झाला. दारावर कोणी आलं, दूधवाला किंवा पेपरवाला, त्याच्याशी मायाबाई काही बोलल्या, सुट्ट्याचं असावं. तानुबाई भाकरी घेऊन आल्या, पडद्यावरचा पंखा पाहून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि काही न विचारता ताट झाकून गेल्या.

अकरा पेपर झाले असतील. पंख्याच्या खाली एकदम मायाबाईंचं अर्धं डोकं आलं, उलट्या बाजूने, केस नुकतेच धुतलेले.

"अहो, आहात का?" त्यांनी विचारलं.

"आहे," सर म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. पंखा पुन्हा दिसू लागला. सरांनी बारावा पेपर ओढला.